जुन्या गाडीच्या रंगासाठी थ्रीएमचे रबिंग कंपाउंड

उन्हाने फिकट पडलेल्या आमच्या लाल मारुती ८०० वर पुन्हा रंग देण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून थ्रीएमचे रबिंग कंपाउंड आणि कार्नोबा मेण वापरले. बोनेट आणि दरवाजांवरचा निकाल मनापासून समाधान देणारा आहे. कंपाउंडमधील बारीक अपघर्षक कण रंगाचा वरचा मृत, ऑक्सिडीकरण झालेला थर काढतात. त्यामुळे गाडीवर वेगळा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, नसेल, तर फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र क्लिअरकोट असलेल्या गाडीवर तो थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असल्याने हे काम वारंवार करू नये, आणि कडांवर, जिथे रंग मुळातच पातळ असतो, दाब अगदी हलका ठेवावा. गाडी धुऊन, सावलीत, पत्रा गार असताना एका वेळी दोन हात लांबीचाच भाग घ्यावा. टपावर जिथे क्लिअरकोटचे पापुद्रे निघाले असतील, तिथे हे कंपाउंड निरुपयोगी आहे. तिथे रंगकामाला पर्याय नाही. कंपाउंडनंतर मेण लावणे मी अनिवार्य मानतो, कारण उघडा पडलेला ताजा रंग संरक्षणाविना लवकर निस्तेज होतो.