अनुनाद नळीचा संच: घ्या, पण रबरी नळी बदला

पुण्यात पेठेतल्या दुकानातून कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेला हा एक मीटरचा संच, म्हणजे पाण्याची पातळी खालीवर करून आवाजाचा वेग मोजायची नळी, पैसे वसूल आहे. ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क), खोलीत २८ अंश: पहिला अनुनाद, म्हणजे आवाज एकदम मोठा होतो ती पाण्यावरच्या हवेची लांबी, १६ सेंमीच्या आसपास, दुसरा ५०ला. फरक ३४, त्याची दुप्पट गुणिले वारंवारता, म्हणजे वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. वजाबाकीत टोकाची दुरुस्ती (हवा उघड्या टोकाच्या जराशी बाहेरपर्यंत कंप पावते, त्यासाठी धरायची जादा लांबी) आपोआप गळते, हे मुलांना इथे स्वच्छ कळतं. २५६चा काटा नको, दुसरा अनुनाद नळीबाहेर जातो.

रबरी नळी मात्र फार कडक. पाणी धक्क्याने उतरतं आणि नेमकी जागा निसटते. मऊ सिलिकॉनची लावा. पट्टीचा शून्य नळीच्या वरच्या काठाशी जुळतो का तेही बघा, नाहीतर टोकाची दुरुस्ती चुकीची येते. काटा रबरी ठोकळ्यावरच मारा. ओट्यावर आपटला की वरचे स्वर मिसळतात.