हीटमॅप, स्कॅटर की ट्रेंड? बॉयलरचा डेटा बघताना

साखर कारखान्याच्या एका बॉयलरचे ४० टॅग (म्हणजे सतत नोंदली जाणारी प्रेशर, फ्लो, लेव्हल अशी मापं) घेतले की त्यांच्या जोड्या होतात ७८०. एवढे आलेख कोण बघत बसणार? म्हणून हात आधी हीटमॅपकडे जातो, म्हणजे प्रत्येक जोडीचा सहसंबंध (दोघं किती एकत्र हलतात ते सांगणारा आकडा) रंगात दाखवणाऱ्या तक्त्याकडे. कोणते टॅग एकत्र वाढतात, कोणते उलटे चालतात, सगळं एका स्क्रीनवर रंगांत दिसतं. संशयितांची यादी काढायला याहून झटपट काही नाही. पण निकाल मात्र त्यावर देऊ नये.

कारण कंट्रोल लूप, म्हणजे मोजमाप बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारी यंत्रणा. ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी) ऑटोवर असेल आणि लूप नीट ट्यून केलेला असेल, तर स्टीमची मागणी कितीही वरखाली होवो, लेव्हल फारशी हलत नाही. दोघांमधला सहसंबंध शून्याजवळ येतो आणि नवखा इंजिनिअर म्हणतो, ‘यांचा काही संबंधच नाही!’ संबंध असतो. तो फीड वॉटर व्हॉल्व्हच्या हालचालीत जाऊन बसलेला असतो. तेव्हा नुसती मोजमापं घेऊ नका, कंट्रोलरचं आउटपुटही, म्हणजे तो व्हॉल्व्हला देतो तो हुकूमही, घ्या.

व्हॉल्व्ह अडकत असल्याचा संशय असेल तर सरळ स्कॅटर काढा. आडव्या अक्षावर आउटपुट, उभ्यावर फ्लो, आणि ठिपके वेळेच्या क्रमाने जोडायचे. निरोगी व्हॉल्व्हचे ठिपके एका रेघेभोवती राहतात. अडकणाऱ्याचा तिरका चौकोन होतो: आउटपुट सरकत राहतं, फ्लो जागचा हलत नाही, मग एकदम उडी. हीटमॅपवर हीच जोडी छान गडद रंगात झळकू शकते. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे असेच चार संच मांडले होते. चौघांचा सहसंबंध ०.८२ च्या आसपास, आकार मात्र चार तऱ्हांचे. अर्थात ४० टॅगचे स्कॅटर एकदम काढलेत तर स्क्रीनवर नुसत्या मुंग्या दिसतील.

माझा कल ट्रेंडकडे, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या रेषांकडे आहे, कारण उशीर फक्त तिथेच डोळ्यांना दिसतो. भट्टीत बगॅस (उसाचा चोथा) टाकणाऱ्या फीडरचा वेग वाढवला की स्टीम प्रेशर लगेच चढत नाही. हीटमॅप मात्र त्याच क्षणाचे आकडे जुळवतो. ट्रेंडवरून उशीर मोजा, एक टॅग तेवढा मागे सरकवा आणि मग सहसंबंध काढा. लेव्हलची गंमत तर आणखी वेगळी. स्टीमची मागणी अचानक वाढली की ड्रमचं प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी घटत असताना लेव्हल आधी वर चढते, मग उतरते. आधी वर, मग खाली ही गोष्ट एका आकड्यात मावणार कशी?

ट्रेंडवर पाच-सहापेक्षा जास्त रेषा टाकू नका. आणि स्केल तपासा. स्केल खेचून कोणत्याही दोन रेषा जुळ्या दाखवता येतात.

तिघांपैकी काहीही उघडण्याआधी हिस्टोरियनमधले (टॅगच्या नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमधले) कच्चे आकडे एकदा बघून घ्या. कॉम्प्रेशन, म्हणजे जागा वाचवायला नोंदी गाळणं, जास्त लावलेलं असेल तर दोन नोंदींच्या मध्ये सरळ रेघ ओढलेली सापडते. तिथला चढउतार कधी साठवलेलाच नसतो.