५२ की ५४? एकाच उंचीचे दोघे, दोन वेगळ्या फ्रेम

मेहुणा आणि मी भिंतीला पाठ लावून शेजारी उभे राहिलो, तर दोघांच्या डोक्यांवर ठेवलेली पट्टी आडवी राहते. दोघेही १७० सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच. त्यामुळे रोड बाइक घ्यायचं त्याच्या मनात आलं तेव्हा त्याने सरळ विचारलं, "भाऊजी, तुमची कितीची आहे? तेवढीच घेऊन टाकतो."

माझी ५४, म्हणजे फ्रेमची साइज. मी म्हटलं, घ्यायच्या आधी हीच चालवून बघ. रविवारी पहाटे तो मुलुंडहून निघाला, घोडबंदर रोडने फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत जाऊन परत आला. पन्नासेक किलोमीटर. आल्यावर मान चोळत सोफ्यावर बसला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या होत्या. म्हणाला, "मोठी आहे मला. ५२ बघू या." मी त्याच सायकलवर त्याच्या चौपट अंतर केलंय आणि मान कधी धरली नाही. तेव्हा दोघांच्या उंचीचा हिशोब बाजूला ठेवून पायांचा हिशोब घेतला.

मापायची रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून वर दाबायचं, सायकलच्या सीटवर बसल्यासारखं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तीनदा मोजायचं, कारण पहिल्यांदा सगळेच लाजून हलकं दाबतात. याला इनसीम म्हणतात. माझं निघालं ७८ सेंटिमीटर, त्याचं ८२.

अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमॉन्डच्या नावाने एक जुनं सूत्र चालतं. इनसीमला ०.८८३ ने गुणलं की क्रँक (पेडल लागतात ते दांडे) जिथे फिरतो त्या मध्यापासून सॅडलच्या, म्हणजे सीटच्या, माथ्यापर्यंतची उंची येते. माझी येते ६८.९ आणि त्याची ७२.४. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. सूत्र अंतिम सत्य नाही, बूट-पेडलप्रमाणे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण सुरुवातीला पुरतं.

त्याच सूत्राचा जोडीदार फ्रेमच्या साइजसाठी आहे, इनसीम गुणिले ०.६७. त्याप्रमाणे मला ५२ येते आणि मेहुण्याला जवळजवळ ५५. आता गंमत बघा. ज्याला माझी ५४ लांब वाटली, त्यालाच सूत्र आणखी मोठी फ्रेम घ्यायला सांगतंय. पाय लांब असलेल्या माणसाची उंची माझ्याएवढीच असेल, तर त्याचं धड माझ्यापेक्षा आखूड असणार. सूत्र फक्त पाय बघतं. हात आणि पाठ त्याच्या खिजगणतीत नाहीत.

सूत्र जुन्या काळाचं आहे. तेव्हा वरची नळी जमिनीला समांतर असे, सीटची नळी जितकी उंच तितकी फ्रेम मोठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जायंट कंपनीच्या टीसीआर सायकलने उतरत्या नळीची आटोपशीर फ्रेम रूढ केली आणि सीटची नळी आखूड झाली. आता फ्रेमवरचा ५४ हा आकडा शर्टाच्या कॉलरवरच्या ४० सारखा झालाय. एका कंपनीची ५४ म्हणजे दुसरीची एम, तिसरीची ५३.

खरं बोलणारे आकडे दोन, स्टॅक आणि रीच. क्रँक ज्याभोवती फिरतो त्या मध्यबिंदूपासून हँडलखालच्या नळीचं तोंड किती वर, तो स्टॅक. आणि किती पुढे, तो रीच. कंपन्यांच्या तक्त्यांत दोन्ही असतात. टॉप ट्यूबची, म्हणजे वरच्या नळीची, लांबीही छापलेली असते, पण तिच्यावर विसंबू नका. सीटच्या नळीचा कोन एका अंशाने बदलला की तो आकडा दहाएक मिलिमीटरने हलतो, हँडल मात्र जागचं हलत नाही.

उदाहरणाला दोन फ्रेम घेतो. रेस स्वभावाची स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल७ आणि लांब पल्ल्याची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत एन्ड्युरन्स, ट्रेक डोमेन. टारमॅकच्या ५२ चा स्टॅक ५२७ आणि रीच ३८०, ५४ चा ५४४ आणि ३८४. डोमेनच्या ५२ चा स्टॅक ५६१ आणि रीच ३७१, ५४ चा ५७५ आणि ३७४. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये. (याच घ्या असं म्हणत नाही. दोन्हींच्या किमती ऐकून माझ्या सासूबाईंनी स्कूटरची चौकशी केली होती.)

टारमॅकच्या ५२ आणि ५४ मध्ये रीचचा फरक चारच मिलिमीटर दिसतो आणि माणूस म्हणतो, काय फरक पडतो! पडतो. हँडलची नळी मागे झुकलेली असते, साधारण ७३ अंशांत. तिच्यावर एक सेंटिमीटर स्पेसर (हँडलखाली घालायच्या चकत्या) चढवला की हँडल वर जातं आणि तीनेक मिलिमीटर मागेही येतं. ५२ चं हँडल ५४ च्या उंचीवर आणायला पावणेदोन सेंटिमीटर स्पेसर लागतील आणि त्यात पाच मिलिमीटर रीच जाईल. म्हणजे एकाच उंचीवर मोजलं तर खरा फरक नऊ मिलिमीटरचा, जवळजवळ स्टेमच्या एका मापाचा. (स्टेम म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, तो दहा-दहा मिलिमीटरच्या फरकाने मिळतो.)

हाच हिशोब टारमॅक ५४ आणि डोमेन ५४ ला लावा. कागदावर डोमेनचा रीच दहा मिलिमीटर कमी. पण टारमॅकचं हँडल ३१ मिलिमीटर उचलायला गेलात तर तिचाही रीच साडेनऊने घटतो. दोन्हींचं हँडल जवळजवळ एकाच जागी येतं! मग फरक काय? फरक असा की डोमेनमध्ये ती उंची फ्रेमचीच आहे, टारमॅकमध्ये ती स्पेसरच्या चळतीने आणावी लागेल. कार्बनच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणारा चिमटा) किती स्पेसर चढवायचे याची मर्यादा कंपनी ठरवून देते आणि ती पाळायची असते.

आता आमच्या दोघांचा हिशोब. दोन सेंटिमीटर स्पेसर आणि सहा अंश वर जाणारा १०० मिलिमीटरचा स्टेम धरून, सॅडलच्या माथ्यापासून हँडल किती खाली राहील ते काढलं. आकडे सेंटिमीटरमध्ये, थोडे इकडेतिकडे धरा.

| फ्रेम | मी (इनसीम ७८) | मेहुणा (इनसीम ८२) |
|---|---|---|
| टारमॅक ५२ | ६.२ | ९.५ |
| टारमॅक ५४ | ४.५ | ७.८ |
| डोमेन ५२ | २.८ | ६.१ |
| डोमेन ५४ | १.४ | ४.७ |

माझी सायकल टारमॅक नाही, पण मोजमाप टारमॅक ५४ च्या जवळपास. म्हणजे ज्या फ्रेमवर मी साडेचार सेंटिमीटर वाकतो, त्याच फ्रेमवर मेहुणा पावणेआठ वाकत होता, तेही आखूड पाठीने. मान धरणारच. तो म्हणत होता तशी ५२ घेतली असती तर नऊच्या वर गेला असता. साइज कमी करून दुखणं वाढलं असतं, आणि हीच चूक मी सर्वांत जास्त लोकांना करताना पाहिली आहे. हँडल लांब वाटतं म्हणून लहान फ्रेम घेतात. लहान फ्रेम लांबी थोडी घटवते, पण हँडल खालीही नेते.

किती सेंटिमीटर बरं? शर्यतीत उतरणारे आठ-दहा सहज ठेवतात. चाळिशीकडे झुकलेल्या, आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या आणि रविवारी कसाऱ्यापर्यंत जाऊ बघणाऱ्या माणसाला माझ्या मते चार ते सहा पुरे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. बहुतेक हौशी लोक त्यातले नऊ-दहा तास सीटवर काढतात आणि त्यातला जास्त वेळ हात ब्रेकच्या हूडवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर, असतात. तिथे अर्धा सेंटिमीटरही जाणवतो.

मग सगळ्यांनी डोळे मिटून एन्ड्युरन्स घ्यावी का? माझ्याकडे बघा. डोमेन ५४ वर माझं हँडल सॅडलच्या जेमतेम दीड सेंटिमीटर खाली येईल. ऐकायला आरामशीर, पण सगळा भार बैठकीवर येतो आणि रस्त्यातला प्रत्येक पेव्हर ब्लॉक थेट कण्यात वाजतो. दुपारी खाडीवरून वारा सुटला की छाती शिडासारखी फुगते. बुटके पाय आणि लांब धड असलेल्यांनी रेस फ्रेमला घाबरायचं कारण नाही. तिच्यावर त्यांचं अंग नीट पसरतं. लांब पाय आणि आखूड धड असेल तर मात्र रेस फ्रेमचा मोह सोडा, कितीही स्वस्तात मिळत असली तरी.

मध्येच अडकलेल्यांसाठी, म्हणजे दोन्ही साइज चालतील असं तक्ता सांगतो त्यांच्यासाठी, माझा नियम असा. स्टॅक जमतो का ते आधी बघायचं, रीच नंतर. लांबी दुरुस्त करणं स्वस्त आहे. स्टेम १०० चा काढून ९० चा लावला की काम झालं. ८० च्या खाली मात्र मी जाणार नाही, हँडल उतावीळ होतं. उंची दुरुस्त करायला स्पेसर असतात, ते संपले की स्टेम उलटा. सहा अंशांचा १०० चा स्टेम उलटवला तर हँडल दोन सेंटिमीटर चढतं किंवा उतरतं. पण वर दिलेल्या हिशोबात तो आधीच वरच्या बाजूला धरला आहे, म्हणजे ती पुंजी खर्च झालेली. आणि नव्या सायकलींत ब्रेकच्या होज (तेलाच्या नळ्या) स्टेम-हँडलच्या आतून गेलेल्या असतील, तर स्टेम बदलायची मजुरी आधी विचारा.

एक उपाय कटाक्षाने टाळा. हँडल लांब पडतं म्हणून सॅडल पुढे सरकवायचं. सॅडलची जागा पेडलच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या नाही. पुढे सरकलात की भार हातांवर येतो आणि गुडघेही कुरकुरतात.

उंची १६० च्या आत असेल तर सगळं गणित जरा अवघड होतं. ७०० सीची, म्हणजे रोड बाइकची नेहमीची, चाकं तेवढीच मोठी राहतात, त्यामुळे फ्रेम लहान केली तरी रीच त्या मानाने घटत नाही, आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. तिथे आखूड क्रँक, अरुंद आणि कमी पुढे जाणारं हँडल, शक्य असेल तर थोडी लहान, ६५० बीची चाकं असलेली फ्रेम, असं सगळं मिळून बघावं लागतं. बायकोची सायकल घेताना आम्ही दोन महिने थांबलो, आणि थांबलो ते बरं झालं.

टायरबद्दल थोडकंच. मुंबईत ३२ मिलिमीटरचं टायर बसेल अशी फ्रेम घ्या. कार्बन की अ‍ॅल्युमिनियम या वादापेक्षा टायरमधल्या त्या जादा चार-पाच मिलिमीटर हवेने बैठक जास्त सुखावते.

दुकानात काय होतं तेही सांगतो. मेहुण्याला एका दुकानात ५६ ची रेस फ्रेम दाखवली, कारण तीच शिल्लक होती. "स्टेम छोटा टाकून देतो, मस्त बसेल." दारातल्या गल्लीत दोन चकरा मारून तो खूशही झाला. दोन चकरांत सगळ्याच सायकली मस्त बसतात. खरं काय ते पन्नासाव्या किलोमीटरनंतर कळतं, आणि तोवर तुम्ही मनोरच्या अलीकडे असता, ट्रेकचा ट किंवा टारमॅकचा ट आठवत नसतो. म्हणून चाचणी घ्यायचीच तर मित्राची, मोजमाप माहीत असलेली सायकल मागून घ्या, सॅडल आपल्या उंचीला लावा, पहाटे पाम बीच रोडवर नाहीतर घोडबंदरला तास-दोन तास न थांबता चालवा. मग तिचा स्टॅक-रीच शोधा आणि कुठे दुखलं त्यावरून पुढे-मागे, वर-खाली ठरवा. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, फक्त नकळत.

मेहुण्यासाठी डोमेनसारख्या मोजमापाच्या दोन शक्यता उरल्या. ५२ वर १०० चा स्टेम आणि आणखी दीड सेंटिमीटर स्पेसर, किंवा ५४ वर ९० चा स्टेम. दोन्हींत हात जवळजवळ एकाच जागी पडतात. मी ५४ म्हटलं, कारण तिच्यात वर-खाली करायला जागा राहते आणि स्पेसरचा मनोरा लागत नाही. त्याला ५२ हवी होती, हलकी दिसते म्हणून. दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ते फिरले. शेवटी त्याने दुसऱ्याच एका कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची घेतली, स्टॅक ५७० च्या घरात, रीच ३७५ च्या. फ्रेमवर स्टिकर ५४ चं. "बघा, तुमच्याएवढीच निघाली ना," असं तो येईल त्याला सांगतो.

त्या रविवारी त्याची उंची लक्षात राहावी म्हणून माझ्या सीटपोस्टवर, म्हणजे सॅडलखालच्या दांड्यावर, काळी टेप लावली होती. माझ्या खुणेच्या साडेतीन सेंटिमीटर खाली, अजून तिथेच आहे.