घोट्यासाठी टेप, ब्रेस की वॉबल बोर्ड? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांचा घोटा एकदा जोरात मुरगळलाय आणि त्यानंतर साध्या रस्त्यावरसुद्धा मधेच दगा देतो अशा हौशी रनर लोकांसाठी हे लिहितेय. मी पुण्यात वेताळ टेकडीवर पळते, तिथला सुटा मुरूम आणि पावसाळ्यात त्यावरचं शेवाळ ज्यांना माहितीये त्यांना जास्त सांगायला नको. रंगीत किनिसिओ टेप, पांढरी कडक स्पोर्ट्स टेप, लेसवाला ब्रेस (बुटासारखी लेस आवळून घालायचा घोट्याचा पट्टा) आणि लाकडी वॉबल बोर्ड (खाली गोळा असलेली डुगडुगणारी फळी, तिच्यावर उभं राहून तोल सांभाळायचा), चारही गोष्टी भरपूर वापरून झाल्यात. एकच वस्तू घ्यायची असेल तर बोर्ड घ्या आणि तोही घ्यायचा नसेल तर आज रात्रीपासून दात घासताना एका पायावर उभं राहायला लागा, त्याला शून्य रुपये लागतात.

पाय आत वळून मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात, त्यातला पुढचा, फिजिओ लोक ज्याला एटीएफएल म्हणतात, तो बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातो. सूज उतरते, दुखणं थांबतं, लिगामेंट भरूनही येतो, पण पाय कुठल्या कोनात पडतोय हे मेंदूला कळवायचं काम पहिल्यासारखं होत नाही आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू, ज्यांनी पाय वळायला लागला की लगेच खेचून धरायचं असतं, ते उशिरा जागे होतात. म्हणून दुखत नसतानाही भरवसा वाटत नाही. आपलं नक्की काय चाललंय हे बघायला कंबरलँड नावाची 9 प्रश्नांची प्रश्नावली आहे, 30 पैकी मार्क, साधारण 24-25 च्या खाली आलात तर घोटा खरंच अस्थिर आहे असं धरतात. फिजिओकडे मागा, पाच मिनिटात होते.

आता किनिसिओ टेप. जपानच्या केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात काढलेली, 5 सेंटीमीटर रुंद, लांबीला ताणणारी, गुलाबी निळी काळी. अंगाला हलकी, आंघोळ केली तरी दोन-तीन दिवस टिकते, बुटात जाणवत नाही. पण घोटा वळताना त्याला अडवायची ताकद तिच्यात नाही कारण ती स्वतःच ताणते. कुणाला ती लावून बरं वाटत असेल तर लावा, त्वचेवर ओढ लागल्याने पायाकडे लक्ष राहतं हे मलाही जाणवलं, फक्त तिच्या भरवशावर उतारावर सुसाट सुटू नका. 5 पैकी 2.

कडक टेप म्हणजे झिंक ऑक्साइडवाली, ल्युकोटेप वगैरे, 3.8 सेंटीमीटर रुंदीची मागायची. ही खरी टेप. पण लावणं जमलं पाहिजे आणि पहिल्यांदा फिजिओकडूनच शिका, व्हिडिओ बघून पट्ट्यांचा क्रम कळतो, ओढ किती द्यायची ते कळत नाही. पोटरीच्या खालच्या भागाचे केस काढायचे, तेल-क्रीम काही नको, पावसाळ्यात टिंक्चर बेंझॉइन लावलं तर घामात सुटत नाही. पाऊल नडगीशी काटकोनात धरायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, पाऊल खाली लोंबत असताना टेप केली तर सगळी मेहनत वाया. वर नडगीवर अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या जिला धरून राहतात ती आडवी पट्टी, मग आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेर वर ओढत नेलेल्या स्टिरपच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवायची, मग टाच दोन्ही बाजूंनी बांधणारा हील लॉक, शेवटी फिगर एट, म्हणजे घोटा आणि पावलाभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवलेली पट्टी. टाचेच्या वर मागच्या बाजूला घडी पडली तर ती पट्टी तिथेच उपटून नवीन लावा, कारण ती बारीकशी घडी लांब रनमध्ये कातडी सोलून काढते आणि मग मुरगळण्यापेक्षा फोडामुळे जास्त लंगडावं लागतं. बोटं मुंग्या आल्यासारखी किंवा निळसर झाली तर टेप लगेच काढायची.

हिचा खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. पळायला लागल्यावर वीस-तीस मिनिटात ती बरीच सैल पडते, म्हणजे सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा चढ चढेपर्यंत तिची निम्मी पकड गेलेली असते आणि भीती तर उताराची असते. तरी ज्यांचा पाय आधी मुरगळलाय त्यांना टेप किंवा ब्रेसने पुन्हा मुरगळण्यापासून वाचायला मदत होते हे अभ्यासातून नीट दिसलंय, त्यामुळे मी तिला निरुपयोगी म्हणणार नाही. पण एक रोल पाच-सहा वेळात संपतो, रोज लावायला खर्चिक आणि काढताना कातडी लाल होते. रेसच्या दिवसापुरती 5 पैकी 3.

लेसवाला ब्रेस ह्या बाबतीत बरा, एकदाच खर्च, सैल पडला तर मधे थांबून परत आवळता येतो. बूट मात्र घट्ट होतो, आतली इनसोल काढून बघा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांचा पाय वर्षभरात नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा मुरगळला, आता तो सेमी-रिजिड, म्हणजे थोडा कडक ब्रेस होता आणि प्रत्येक खेळाच्या वेळी घालायचा होता. म्हणून घाटात, ट्रेलवर पळणाऱ्यांनी दुखापतीनंतर पहिलं वर्ष ब्रेस घालावाच असं माझं स्पष्ट मत आहे. 5 पैकी 4.

मग तरी बोर्ड पहिला का? कारण ब्रेस तुम्ही पळताना घालता, पण पाय जिन्यात मुरगळतो, रिक्षातून उतरताना मुरगळतो, गणपतीच्या गर्दीत चपलेत मुरगळतो. तिथे स्वतःचा घोटाच कामाला येतो. नेदरलँड्समध्येच 522 खेळाडूंवर झालेला, 2009 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आहे, 8 आठवडे, आठवड्यातून तीनदा, जास्तीत जास्त अर्धा तास, घरच्या घरी कोणाच्या देखरेखीशिवाय बॅलन्सचे व्यायाम. वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांपैकी 22 टक्के लोकांचा पाय पुन्हा मुरगळला आणि न करणाऱ्यांपैकी 33 टक्के लोकांचा. घरच्या घरी फुकटात इतका फरक पडत असेल तर मला तरी हे खूप मोठं वाटतं.

सुरुवात बोर्डवर करायचीच नाही. अनवाणी, फरशीवर, एका पायावर, गुडघा किंचित वाकवून. मग डोळे मिटून, आणि तेव्हा खाली कोणाला तरी बघायला सांगा, बाहेरच्या घोट्यामागची ती दोरीसारखी शीर सारखी थरथरत असते, तेच पेरोनियल कामाला लागलेत. ते जमलं की सोफ्याच्या उशीवर, मग बोर्डवर, मग बोर्डवर उभं राहून भिंतीवर बॉल मारून झेलायचा, शेवटी पुढे बाजूला छोट्या उड्या मारून एका पायावर उतरायचं आणि न हलता थांबायचं. पळणं म्हणजे शेवटी एका पायावरून दुसऱ्या पायावर उतरणंच, त्यामुळे उड्यांचा भाग गाळू नका, बरेच जण बोर्डपाशीच थांबतात. दुसरा पायही करा. 5 पैकी 5.

नुकताच मुरगळला असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल तर यातलं काहीही करू नका, आधी डॉक्टर आणि एक्स-रे.

बोर्ड लाकडी घ्या, साधारण 40 सेंटीमीटरचा, खालचा गोळा स्क्रूने पक्का बसवलेला. गुळगुळीत प्लास्टिकचे स्वस्त मिळतात त्यावर घामाने पाय सरकतो. फरशीवर खाली योगा मॅट टाका, बोर्ड घसरत नाही आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन येत नाहीत.