पावती आली, कर मात्र पोचलाच नाही

“फॉर्म १६, पॅन आणि आधार व्हॉट्सॲप करा. ओटीपी आला की सांगा. बाकी सगळं मी बघतो.” ऑनलाइन टॅक्स कन्सल्टंटची फसवणूक इथून सुरू होते, आणि तिच्यात खोटी पावती क्वचितच असते. पावती खरी असते, आयकराच्या पोर्टलवरूनच निघालेली असते आणि तिच्यावर पोचक्रमांकही असतो. पण त्या एका पानावर एकूण उत्पन्न, भरलेला कर आणि रिफंड एवढंच छापलेलं असतं. उत्पन्न इतकं कमी कसं झालं, हे पूर्ण फॉर्म उघडल्याशिवाय कळत नाही. आणि पूर्ण फॉर्म हा माणूस कधीच पाठवत नाही.

आत काय भरलेलं असतं? नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी मिळत नाहीत, म्हणून आधी जुनी प्रणाली निवडली जाते. मग जिथे राहतच नाही त्या घराचं भाडं, काढलाच नाही तो आरोग्य विमा (८०डी), घेतलंच नाही त्या शैक्षणिक कर्जाचं व्याज (८०ई) आणि राजकीय पक्षाला न दिलेली देणगी (८०जीजीसी) असे आकडे बसवले जातात. याहून धीट युक्ती म्हणजे पगार हा पगार न दाखवता ४४एडीए या स्वतंत्र व्यावसायिकांसाठीच्या कलमाखाली ‘व्यावसायिक उत्पन्न’ दाखवायचं आणि निम्मंच करपात्र धरायचं. पण कंपनीने टीडीएस पगाराच्या कलमाखाली, म्हणजे १९२खाली कापलेला असतो. तो २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या विभागाकडच्या तक्त्यात, तसाच दिसतो आणि संगणकाला ही विसंगती शोधायला काही मेहनत पडत नाही.

रिफंड मात्र येतो. खात्यात ६०,००० रुपये जमा होतात, दहा टक्क्यांच्या बोलीप्रमाणे ६,००० कन्सल्टंटला जातात आणि माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचा नंबर देतो. रिफंड आला म्हणजे विभागाने दावा मान्य केला असा समज इथे सगळ्यात महाग पडतो. सुरुवातीची प्रक्रिया संगणक करतो, पुरावे तो मागत नाही. पुरावे नंतर मागितले जातात. चूक स्वतःहून सुधारायला अद्ययावत रिटर्न भरलं तर ते ६०,००० आणि व्याज परत करावं लागतंच, शिवाय त्या बेरजेवर करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा कर पडतो. विभागाने आधी पकडलं आणि माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असं ठरलं, तर १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०एप्रमाणे दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे १,२०,०००. कन्सल्टंटचे ६,००० त्याच्याकडेच राहतात.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा बोगस वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी तपास केला. त्याआधीच्या छाप्यांत महाराष्ट्रही होता. त्या वेळच्या सरकारी निवेदनात एक बारीक गोष्ट होती, ती मोठ्या आकड्यांत दडून गेली: रिटर्न भरून देणारे काहीजण तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करून ढिगाने रिटर्न भरत आणि नंतर ते पत्ते सोडून देत. विभागाच्या नोटिसा त्या ओसाड पत्त्यांवर पडून राहत.

सगळी चलाखी या ई-मेलमध्येच आहे. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये संपर्काचा मोबाइल आणि ई-मेल असतो. तिथे कन्सल्टंटने स्वतःचा पत्ता घातला की नोटीस, स्मरणपत्र, मागणी सगळं त्याच्याकडे जातं आणि तुमच्याकडे नुसती शांतता असते. म्हणून आज एवढं तरी करा: पोर्टलवर लॉग-इन करून प्रोफाइलमध्ये दोन्ही रकाने वाचा. पासवर्डच माहीत नसेल तर नेट बँकिंगमधून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने आत जाता येतं. परदेशातली मराठी मंडळी या सापळ्यात हमखास सापडतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं इथे येतं, भारतातलं सिम बंद पडलेलं असतं, मग ‘माझाच नंबर टाकतो’ हे सोयीचं वाटतं. परदेशी नंबर पोर्टलवर नोंदवता येतो, तो नोंदवा.

ओटीपी फोनवर सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं. पासवर्ड न देताही काम होतं. कन्सल्टंटने रिटर्नची जेएसओएन फाइल (पोर्टलला चालणारी भरलेल्या रिटर्नची फाइल) बनवून पाठवावी, ती तुम्ही अपलोड करावी. सादर करताना पडताळणी ‘नंतर’ ठेवायची, त्यासाठी ३० दिवस मिळतात. तेवढ्यात पूर्ण फॉर्म उतरवून घ्या आणि वजावटींच्या तक्त्यातली प्रत्येक रक्कम फॉर्म १६ आणि एआयएसशी (तुमच्या व्यवहारांची विभागाकडची यादी) ताडून पाहा. ज्या आकड्याचा कागद घरात नाही, तो आकडा फॉर्ममध्ये असायला नको. खोट सापडली तर पडताळणी न झालेलं रिटर्न पोर्टलवरून रद्द करता येतं. रिफंडसाठी कोणता खातेक्रमांक दिलाय तेही तिथेच बघून घ्या.

छोट्या व्यावसायिकाचं नुकसान याहून खोल असतं. जुन्या प्रणालीसाठी व्यवसायवाल्याला १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरल्यावर नव्या प्रणालीत परतायची संधी एकदाच मिळते. चार पैशांच्या रिफंडसाठी तो फॉर्म परस्पर भरला गेला, तर पुढच्या वर्षांचं गणितही बिघडतं.

पण खरा पैसा जीएसटीत जातो. समजा दुकानाची महिन्याची विक्री ४,००,००० आहे. १८ टक्क्यांनी कर ७२,०००, खरेदीवरचं इनपुट क्रेडिट (खरेदी करताना आधीच दिलेला कर) ४५,०००, म्हणजे रोख भरायचे २७,०००. कन्सल्टंट म्हणतो, “मला यूपीआय करा, मी चलन भरतो.” मग तो दोहोंपैकी एक करतो. एक तर शून्याचं रिटर्न भरतो. हे लवकर उघडं पडतं, कारण तुमच्या गिऱ्हाईक व्यापाऱ्याला त्याच्या २बीमध्ये (पोर्टलने बनवलेली खरेदीच्या बिलांची यादी) तुमचं बिल दिसत नाही आणि तो फोनवर ओरडतो. दुसरा प्रकार जास्त शिताफीचा. विक्री बरोबर दाखवायची, पण ३बी या कर भरायच्या रिटर्नच्या तक्ता ४ मध्ये इनपुट क्रेडिट ४५,००० ऐवजी ७२,००० लिहायचं. रोख भरणा शून्य, गिऱ्हाईक खूश, आणि २७,००० कन्सल्टंटच्या खिशात. २बी आणि ३बीमधली तफावत मोठी झाली की डीआरसी-०१सी ही सूचना निघते. ती कोणाच्या ई-मेलवर जाते, हे आता सांगायला नको.

जीएसटी पोर्टलवर लॉग-इन न करताही कुणाचाही जीएसटी क्रमांक टाकून रिटर्न भरल्याच्या तारखा बघता येतात. पण वरच्या दोन्ही प्रकारांत तिथे ‘फाइल्ड’ असंच दिसतं, म्हणून त्यावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर, म्हणजे रोख भरण्याची पोर्टलवरची वही, उघडा. २७,००० आधी जमा आणि मग वजा झालेले दिसले, तरच कर पोचला. चलन कोणीही बनवो, पैसे मात्र तुमच्या बँकेतून थेट सरकारकडे जायला हवेत. नुसतं चलन बनलं की १४ अंकी सीपीआयएन मिळतो. पैसे भरल्याची खूण १७ अंकी सीआयएन ही आहे. बरेचजण सीपीआयएनचा स्क्रीनशॉट पाठवून ‘भरलं’ म्हणतात. बुडालेल्या रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज दुकानदारालाच पडतं. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपयेही असेच वर्षानुवर्षं ‘भरून टाकले’ जातात. रक्कम छोटी म्हणून कोणी चलन मागत नाही.

माणूस पारखायचा कसा? रिफंडच्या टक्क्यावर फी मागणारा सीए असेल, तर तो स्वतःच्या आचारसंहितेविरुद्ध वागतोय. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टात निकालावर किंवा टक्केवारीवर फी घ्यायला मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. म्हणजे हा माणूस एक तर नियम मोडतोय किंवा सीएच नाही. रिटर्न भरून द्यायला सीए असावंच लागतं असं नाही, चांगले कर सल्लागार पुष्कळ आहेत. पण ‘सीए’ म्हणवत असेल तर सदस्यत्व क्रमांक मागा, आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा, आणि तिथे सापडलेल्या पत्त्यावर संपर्क करा. त्याने दिलेल्या नंबरवर नको, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरणं फार सोपं आहे. ऑडिट रिपोर्ट किंवा प्रमाणपत्र दिलं असेल तर त्यावरचा यूडीआयएन (प्रत्येक कागदाचा १८ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक) आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर तपासा.

फसलो असं लक्षात आलं तर पहिला फोन त्याला करू नका. आधी ताबा, मग भांडण. आयकर पोर्टलचा पासवर्ड आणि संपर्क बदला, जीएसटीतही बदला. जीएसटीला नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल दोन्ही त्याचेच असतील, तर कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे जा, ते बदलून मिळतात. डिजिटल सहीचा टोकन त्याच्याकडे असेल तर परत मागत बसू नका, प्रमाणपत्रच रद्द करून घ्या. जीएसटी पोर्टलवर पॅनने शोधून आपल्या नावावर अनोळखी नोंदणी झालेली नाही ना, तेही बघा. मग सगळी जुनी रिटर्न्स, व्हॉट्सॲप संभाषण आणि यूपीआयच्या नोंदी उतरवून घ्या. त्यानंतर खरा सीए गाठून अद्ययावत रिटर्नचा हिशेब करा. तक्रार पोलिसांत आणि सायबर पोर्टलवर, पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, आणि माणूस खराच सीए निघाला तर आयसीएआयच्या शिस्तपालन संचालनालयाकडे फॉर्म-आयमध्ये.