घोडबंदरच्या धुळीसाठी एन-९५: कोणता घ्यावा, कसा बसवावा

२०२२ साली २ एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातली मास्कसक्ती संपली. ठाण्यात मास्क अजून नियमित दिसतो तो घोडबंदर रोडवर, माजिवड्यापासून गायमुखपर्यंतच्या दुचाकीस्वारांच्या तोंडावर, आणि त्यातले बहुतेक मास्क चुकीचे असतात. मेट्रोचं काम, उकरलेले सर्व्हिस रोड, पावसाळ्यात खड्ड्यांत ओतलेली आणि दिवाळीपर्यंत पीठ झालेली खडी, वरून जेएनपीटी बंदर ते गुजरात जाणाऱ्या कंटेनरची रांग. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही हवा कापडी मास्क किंवा रुमालाने आवरणारी नाही. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ रुमालात अडकते. फुप्फुसात खोल जाते ती पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक. ती कापडातून आणि कापडाच्या कडांमधून सरळ आत येते.

या कामासाठी डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा एन-९५ घ्यावा. कानात अडकवायचा घेऊ नये.

कारण असं, की गाळण्याचा कपडा दोन्हींत चांगला असू शकतो. फरक पडतो तो कडांना. कानातल्या लूपचा ताण गालांवर पुरेसा येत नाही आणि नाकाच्या दोन बाजूंना फट राहते. हवेला जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणं सोपं, त्यामुळे ९५ टक्के बारीक कण अडवण्याचा आकडा पाकिटावरच राहतो. दुचाकीवर तर हेल्मेट काढताना लूप हमखास निघतो, आणि सिग्नलला एका हाताने तो परत लावायची कसरत सुरू होते.

मेडिकलच्या दुकानात बहुधा कानवालेच मिळतात. पट्टेवाले हवे असतील तर वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत एमआयडीसीच्या बाजूला सेफ्टी शूज, हातमोजे, हेल्मेट विकणारी दुकानं गाठावीत. थ्रीएमचा ८२१० हा वाटीच्या आकाराचा मास्क त्यातला जुना, खात्रीचा. तो २० च्या खोक्यात येतो, पण काही दुकानदार सुटेही देतात. वाटीचा आकार तोंडाला चिकटत नाही, म्हणून घामात बरा. पण तो घडी होत नाही, खिशात कोंबला की कडा वाकते आणि मग तो कामातून गेला. रोज बॅगेत टाकायचा असेल तर घडीचा पट्टेवाला देशी मास्क सोयीचा आणि स्वस्त.

खरा-खोटा ओळखायला पाकीट नव्हे, मास्क वाचायचा. एन-९५ हे अमेरिकी प्रमाणपत्र आहे. खऱ्या मास्कवर ते देणाऱ्या संस्थेची ‘एनआयओएसएच’ (NIOSH) ही अक्षरं, ‘टीसी-८४ए’ ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक आणि लॉट नंबर छापलेला असतो. हे सगळं आहे आणि पट्ट्या मात्र कानाच्या आहेत, तर माल नकली समजावा. भारतीय मालावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि एफएफपी२ हा वर्ग बघावा. तो ९४ टक्के गाळणारा वर्ग आहे, धुळीला भरपूर झाला. ‘केएन-९५’ हे चिनी मानक, ते जवळपास नेहमी कानवालं. फुटपाथवर दहा-पंधरा रुपयांत ‘एन-९५’ लिहिलेलं जे मिळतं त्यावर काहीच छापलेलं नसतं, आणि आतही फारसं काही नसतं.

बसवायची पद्धत करोनात पोस्टरवर होती, पण अर्धीच. मास्क हनुवटीपासून वर न्यायचा. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालची मानेवर, कानांच्या खाली. दोन्ही पट्ट्या मानेवर एकत्र ओढणारे खूप दिसतात. त्याने वरची बाजू सैल पडते. नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधोमध टोक येतं आणि बाजूने वारा जातो, म्हणून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लावून मधून बाहेर दाबत न्यायची. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर नाकाची पट्टी पुन्हा, गालाकडे आली तर पट्ट्यांची जागा पुन्हा. चष्मेवाल्यांना वेगळी परीक्षा लागत नाही: काच धुरकटली म्हणजे नाकाशी गळती आहे. दाढी असेल तर हे सगळं व्यर्थ. दोन दिवसांची खुंटंसुद्धा कडेला जागा करतात.

हेल्मेट मास्क लावल्यावरच घालायचं. फुल-फेस हेल्मेटचं गालाचं पॅड मास्कला वर ढकलतं, म्हणून ते घातल्यावर आतून बोट फिरवून खालची कड हनुवटीखाली आहे ना ते चाचपावं. हाफ हेल्मेटमध्ये ही कटकट नाही, पण मास्कसाठी हाफ हेल्मेट घेणं हा शुद्ध गाढवपणा.

व्हॉल्व्हबद्दल करोनात शिकवलेलं इथे उलटं करायचं. जुलै २०२० मध्ये केंद्राने व्हॉल्व्हवाल्या मास्कविरुद्ध सूचना काढली, कारण सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो आणि दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो. धुळीत प्रश्न फक्त आत येणाऱ्या हवेचा आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह चालतो, उकाड्यात आणि चष्म्याला तर उत्तमच. फक्त आतली रबरी पाकळी घाम-धुळीने चिकटून अर्धी उघडी राहिली की तिथूनच धूळ आत येते. अधूनमधून उजेडात धरून ती बंद होते का बघावं.

धुवायचा मात्र नाही. मधल्या थरातल्या प्लास्टिकच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण तो खेचून धरतो. साबणाने हा भार कमी होतो, सॅनिटायझर मारला तर जवळजवळ जातोच. मास्क दिसायला स्वच्छ, गाळायला निकामी. वापरून झाल्यावर कागदी पिशवीत, सावलीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून वास धरतो, उन्हात पट्ट्यांचं रबर मरतं. श्वास घ्यायला जड जाऊ लागला, पट्टी सैल झाली किंवा नाकाचा फोम सुटला की फेकावा. रोज तास-दीड तासाच्या प्रवासाला एक मास्क आठवडाभर पुरवला तरी खूप. चिंब भिजला तर त्याच दिवशी टाकावा. पावसाळ्यात धूळ बसते तेव्हा तसाही गरजेचा नाही.

कपाटात २०२०-२१ चा साठा पडून असेल तर उत्पादनाची तारीख बघा. या मास्कचं आयुष्य बहुधा पाच वर्षांच्या आसपास असतं, म्हणजे तो माल आता बाद. पट्टी ओढून बघितली तर बऱ्याचदा हातातच तुटते.

एक मर्यादा पाकिटावर ठळक लिहायला हवी होती: एन-९५ वायू अडवत नाही. गायमुखच्या चढाला कंटेनरच्या मागे जो डिझेलचा वास येतो तो मास्क लावूनही येणारच. काजळीचे कण अडतात, नायट्रोजन डायऑक्साइड नाही. त्याला उपाय कंटेनरपासून अंतर. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी घट्ट मास्क रोज वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पुढे टाकीवर बसवलेल्या लहान मुलांना मोठ्यांचा मास्क गाठी मारून लावतात, त्याचा धुळीसाठी काही उपयोग नाही. सगळ्या कडा उघड्याच राहतात.