मिरजेचा तानपुरा की मोबाइलमधला? नोकरी सांभाळून गाणं शिकणाऱ्यांसाठी परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिलं वर्ष मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर काढा, फक्त त्याला बरा स्पीकर जोडा. क्लास टिकला, गळा सुरात लागू लागला, की दुसऱ्या वर्षी खरा तानपुरा घ्या, आणि तो मिरजेला स्वतः जाऊन, आपल्या पट्टीत (ज्या स्वरावर आपण षड्ज धरतो त्यावर) लावून, ऐकून घ्या. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा हा मधला पर्याय आता मोजक्याच लोकांना लागतो.

पुण्या-मुंबईत, बंगळुरूत दिवसभर लॅपटॉपसमोर बसून संध्याकाळी गाणं शिकणारी मुलंमुली आता भरपूर आहेत. त्यांच्याकडे रियाजाला मिळतो जेमतेम पाऊण तास, तोही रात्री नऊनंतर, शेजाऱ्यांची भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

मोबाइलपासून सुरुवात करू. आयफोनवर आय-तबला प्रो आणि अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड ही नावं क्लासमध्ये कायम कानावर पडतात. ध्वनिमुद्रण स्वच्छ, पट्टी हवी ती, पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद लावायची सोय. तक्रार ॲपबद्दल नाहीच, तक्रार आहे मोबाइलच्या स्पीकरबद्दल. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुषाचा हिशोब बघा. तानपुऱ्याच्या मधल्या दोन, षड्जाच्या म्हणजे जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्‌झवर, पहिली तार, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, १०४ वर आणि शेवटची जाड तार, खर्ज म्हणजे खालचा षड्ज, ६९.३ वर. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. म्हणजे चारही तारांचा मूळ नाद गायब, ऐकू येतात ते नुसते वरचे स्वरांश, म्हणजे मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले बारीक नाद. कान त्यावरून षड्ज ओळखतो, पण आवाज टेकवायला खाली जमीन राहत नाही. मंद्रात उतरलं की हे लगेच जाणवतं. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा जोड २०७.७ वर असतो, म्हणून तिला त्रास थोडा कमी, पण तिचाही खर्ज १०४ वरच.

म्हणून चार-पाच इंची पडद्याचा, तारेने जोडता येणारा कोणताही साधा स्पीकर घ्या. तो समोर ठेवू नका. बाजूला, थोडा मागे, बसल्यावर कानाच्या खालच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा. आवाज इतकाच ठेवा की गाताना तानपुरा जेमतेम ऐकू येईल आणि श्वास घेताना स्पष्ट. लोक नेमकं उलटं करतात: तानपुरा मोठा लावतात, मग त्याच्यावर चढून गातात आणि वीस मिनिटांत गळा बसतो. दिवसभर कॉलवर बोलून आधीच थकलेल्या गळ्याला हे अजिबात परवडत नाही.

हेडफोन लावायची वेळ आलीच तर एक कान मोकळा सोडा. दोन्ही कान बंद केले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो, मोठा वाटतो, आणि सूर कुठे लागतोय ते कळत नाही. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन तर रियाजाला घेऊच नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऑफिसचा मेसेज नेमका आलापीत टणकन वाजतो. आवर्तनाची गती संथ ठेवा, चार तारा साधारण पाच सेकंदांत. गुरुजींची पेटी नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापावर लावलेली असेलच असं नाही. त्यामुळे क्लासमध्ये एकदा ॲप सुरू करून पेटीच्या षड्जाशी बारीक जुळवून घ्या आणि तो आकडा लिहून ठेवा.

तानपुऱ्याऐवजी पेटीवर षड्ज दाबून रियाज करण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. पेटी समान अंतराच्या सप्तकात लावलेली असते. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो, आणि सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण भूप किंवा यमन वर्षभर पेटीवर घोटला की तो चढा गंधार गळ्यात बसतो आणि मग निघता निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक डब्याचं थोडक्यात. बंगळुरूच्या राडेल कंपनीचे डबे गेली कित्येक वर्षं घरोघरी आहेत आणि आजही चालतात. स्वतःचा स्पीकर, फोनची कटकट नाही, वीज गेली तर बॅटरीवर चालणारे प्रकारही मिळतात. ज्यांना रियाजाच्या खोलीत फोन नकोच आहे, किंवा घरी आई-बाबाही गातात, त्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तेवढे पैसे खऱ्या तानपुऱ्यासाठी बाजूला टाकावेत. जुना डबा कोणी देत असेल तर अर्धा तास सलग चालवून बघा. जुन्या डब्यांचा सूर तापल्यावर सरकतो, तो मधूनमधून बटण फिरवून सावरावा लागतो.

आता मिरज. सांगली जिल्ह्यातल्या या गावात सतार-तानपुरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) बहुधा तुणीच्या लाकडाची. किंमत पाच आकडी, कोरीव काम आणि भोपळ्याचा आकार यांवर ती कितीही चढते. नक्षीवर एक रुपयाही जास्त घालू नका. ते पैसे भोपळ्याला, दांडीच्या लाकडाला आणि जवारीला, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या झंकार देणाऱ्या घडणीला, द्या.

आकार पट्टीवरून ठरतो, खोलीवरून नाही. काळी एक-दोनमध्ये गाणाऱ्याला मर्दानी तानपुरा, साधारण पाच फुटी. काळी चार-पाचमध्ये गाणारीला जनानी, त्याहून आखूड आणि लहान भोपळ्याचा. फ्लॅट लहान म्हणून पुरुषाने जनानी घेतला तर तारा खाली उतरवाव्या लागतात, त्या ढिल्या पडतात, घोडीवर नीट घासत नाहीत आणि जवारी खुलतच नाही. एका तानपुऱ्याला वर-खाली एखाद-दीड स्वर सरकवता येतं, त्यापुढे तारा बदलाव्या लागतात. नवरा-बायको दोघंही गात असतील आणि एकाची पट्टी काळी एक, दुसऱ्याची काळी चार असेल, तर एकात भागणार नाही. हे दुकानात जाण्याआधी मान्य करा. जागा फारच कमी असेल तर भोपळा नसलेली, चपटी तानपुरी मिळते. तिचा नाद लहान, पण मोबाइलपेक्षा कितीतरी भरीव.

दुकानात काय बघायचं? पहिलं, दांडी. वाद्य आडवं धरून एका डोळ्याने खुंट्यांकडून घोडीकडे बघा, पीळ किंवा बाक दिसला तर ते वाद्य सोडा. भोपळा आणि गळा जिथे जुळतो तिथला सांधा बोटाने चाचपून बघा. भोपळ्यावर सगळीकडून टिचकी मारा. एखाद्या जागी फाटका, खरखरीत आवाज आला तर तिथे चीर आहे, पॉलिशखाली झाकलेली. खुंट्या दोन्ही भोकांत घट्ट बसल्या पाहिजेत. फिरवताना झटके देणारी खुंटी पुढे रोज छळते. मग तानपुरा तुमच्या पट्टीत लावून मागा. दुकानातल्या पट्टीत तो कितीही गोड लागला तरी त्याचा उपयोग नाही. चारही तारा एकेक करून छेडा आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐका. खर्ज छेडल्यावर थोड्या वेळाने वर गंधार तरंगताना ऐकू आला पाहिजे. तो खर्जाच्या पाचव्या स्वरांशातून येतो, आणि तो स्पष्ट असेल तर वाद्य चांगलं आहे असं बेलाशक समजा.

घोडी हाडाची, शिसवी किंवा फायबरची असते. शिकाऊ माणसाला फायबरची उत्तम, कमी झिजते. सांबरशिंगाची देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नको म्हणा, तो व्यवहार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. तारांचा एक जादा संच त्याच दिवशी बांधून घ्या. जोडीच्या दोन्ही तारा एकाच जाडीच्या पोलादी, खर्ज पितळी आणि जाड. पंचमाची तार मर्दानीत बहुधा पितळी, जनानीत पोलादी.

लावायचं कसं, यावरच खरं तर सगळा खेळ आहे. आधी तारांत ओवलेले सगळे मणी घोडी आणि लंगोट (तारांची खालची टोकं जिथे बांधतात ती पट्टी) यांच्या मधोमध आणून ठेवा. जोडीची एक तार ॲपच्या षड्जाशी खुंटीने जुळवा, खालून वर चढत जा. वरून खाली उतरवत आणलेली तार थोड्या वेळाने आणखी उतरते. दुसरी तार पहिलीशी मिळवा. दोघींमध्ये लाटेसारखं ‘वाँव-वाँव’ ऐकू येत असेल तर अजून फरक आहे. लाटा जितक्या संथ तितक्या तारा जवळ, आणि लाट थांबली की मिळाल्या. मग खर्ज, शेवटी पंचम. हा क्रम मोडू नका, कारण खर्जाची जाड तार ताणली की दांडीवर भार येतो आणि जोड किंचित उतरतो, म्हणजे परत एकदा तपासावा लागतो. शेवटचा बारीक फरक मण्याने काढा. मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

सूर लागल्यावर जवारीचा दोरा. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो नखाने केसभर पुढे-मागे सरकवत राहा आणि तार छेडत राहा. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो, झंकार लांब पसरतो. जरा पुढे गेलात की तोच आवाज किरकिरा होतो, आणखी गेलात की मिटतो. चारही तारांचं उघडणं सारखं हवं, एखादीच ओरडायला नको. दोरा सरकवल्यावर सूर किंचित हलतो, म्हणून मण्याला परत एकदा हात लावावा लागतो. सुरुवातीला या सगळ्याला वीस मिनिटं जातात, दोन-तीन महिन्यांत आठ-दहावर येतात. ही मिनिटं रियाजातून वजा झाली असं धरू नका. लाट थांबेपर्यंत ऐकत राहणं हीच कानाची तालीम आहे, आणि ॲप ती कधीच देत नाही, कारण ॲप आयतं सुरात असतं. खऱ्या तानपुऱ्यावर पैसे घालावेत असं आम्ही आग्रहाने म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

छेडताना पंचम मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तारा तर्जनीने. बोट तारेला जवळजवळ समांतर, पेराच्या मऊ भागाने हलकेच सोडायचं. ओढून वाजवलं की तार सूर सोडून चढते. छेडण्याची लय बंदिशीच्या लयीशी बांधू नका, ती आपली स्वतंत्र चालू द्या. मालकंसात पंचम नाही, तिथे पहिली तार मध्यमावर आणा. पूरियाला निषादावर. पंचमावरून निषादावर चढवताना तार खूप ताणली जाते, हळूहळू चढवा आणि रियाज झाला की परत उतरवा.

पाऊण तासाचं गणित असं बसतं: दहा मिनिटं तानपुरा लावणं, दहा मिनिटं मंद्र-मध्यात लांब स्वर, दहा अलंकार, पंधरा बंदीश आणि आलाप. दिवसभर बोलणं झालेलं असेल त्या दिवशी तार सप्तकात जाऊ नका. शेजाऱ्यांची काळजी तानपुऱ्यापुरती तरी नको, बंद दारामागे तो ऐकू जात नाही.

आता बिघाड. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. जोर लावू नका, हलकेच बाहेर ओढत फिरवा. उन्हाळ्यात आणि एसीच्या खोलीत उलट होतं, त्या आकसून घसरतात. खुंटी काढून खडू घासा आणि आत दाबत फिरवा. तानपुरा एसीच्या झोताखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवला की तबलीचा सांधा सुटायची भीती असते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, मुंबईच्या खाऱ्या हवेत पोलादी तार लवकर गंजते. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ ठेवा आणि वर सुती खोळ घाला. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला तानपुरा केर काढताना पडतो आणि भोपळा फुटतो, तो जोडला तरी पहिला नाद परत येत नाही. कोपऱ्यात आडवा ठेवा, तबली वर. प्रवासात तारा दोन स्वर उतरवा, घोडीवर दाब येणार नाही अशा बेताने पॅक करा, आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नाही.

जवारी झिजते. रोज वाजणाऱ्या वाद्याच्या घोडीवर तारांचे बारीक चर पडतात, नख फिरवलं तर अडकतं. दोरा कुठेही सरकवला तरी आवाज उघडेना झाला, की घोडी घासून घ्यायची वेळ आली. स्वतः कानस लावू नका, केसभर जास्त गेली तर घोडीच बदलावी लागते. वाद्य तारांसकट कारागिराकडे न्या आणि आपली पट्टी आधी सांगा, कारण जवारी त्या पट्टीच्या ताणाला काढलेली असते. काळी एकसाठी काढलेली जवारी पांढरी तीनला तशी बोलत नाही. काम झाल्यावर तिथेच बसून, तुमच्या पट्टीत लावून, आधी दोऱ्याशिवाय चारही तारा ऐका. दोरा नसतानाही थोडा झंकार असेल तर जवारी नीट निघाली आहे. नसेल तर तिथेच परत घासून मागा.